बोट लागली

माझ्या आईला बोट लागते. मराठीत ही सोय मस्त आहे, गाडी लागते, बोट लागते, म्हणजे जणू बोटच येऊन आपल्याला लागली, आपला काही दोष नाही. तिच्या लहानपणी, 1960 च्या आसपास, मुंबईहून गावी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावर आगबोट पकडायची, हर्णै, दाभोळ करत जयगडला उतरायचं, आणि उतरायचं म्हणजे सरळ धक्क्यावर नाही, आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, मग पडाव यायचा, त्यात ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या, सगळं हातोहात खाली द्यायचं. हे सगळं आईने ओकत ओकत बघितलंय. डेकवर चादर टाकलेली, हातात लिंबू, ते सतत नाकाशी. त्यामुळे बोट आणि पोट यांचं नातं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, बोटीवर पोट रिकामं होतं. भरायला कोणी जात नाही.

तर अशा बाईला आम्ही जूनमध्ये बोटीवर जेवायला नेलं.

आम्ही राहतो जर्सी सिटीत, समोर हडसन नदी, पलीकडे न्यूयॉर्कचं मॅनहॅटन. तिथे ट्रायबेकाला पिअर 25 वर ग्रँड बँक्स नावाचं रेस्टॉरंट आहे, रेस्टॉरंट म्हणजे शर्मन झ्विकर नावाचं खरंखुरं शिडाचं लाकडी जहाज, 142 फूट लांब, धक्क्याला बांधून ठेवलेलं. 2014 पासून तिथे लोक कालवं, म्हणजे ऑयस्टर, खायला येतात. उन्हाळी प्रकरण आहे, हिवाळ्यात बंद. आईला सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न, "सुटणार नाही ना मध्येच?" नाही गं, बांधलेली आहे, धक्क्याला लागलेली आहे. "बघ हो, लागलेली असली तरी मला लागते." यावर नवरा इतका हसला की त्याला पुढचे दोन दिवस हेच वाक्य पुरलं.

घरून तिथे फेरीबोटीने सरळ जाता येतं, पण फेरी म्हटल्यावर आईचा चेहराच उतरला, म्हणून पाथ ट्रेनने गेलो. ही ट्रेन नदीच्या तळाखालच्या बोगद्यातून जाते, 1909 सालचे बोगदे आहेत ते. म्हणजे बोटीवर जाऊन बसायला आम्ही नदीच्या खालून गेलो. आईला बोगद्याचं सांगितलं नव्हतं, पलीकडे वर आल्यावर सांगितलं, ती थोडा वेळ बोललीच नाही.

फळीवरून जहाजावर चढताना तिने दोन्ही हातांनी दोर धरला होता. वर मात्र पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या, गुळगुळीत लाकडी डेक, पितळ चकचकीत, गॉगल लावलेली तरुण पोरं वाइन घेऊन बसलेली. आई आधी हुंगली. "वास नाही येत गो." तिच्या मते बोट म्हणजे डिझेल, डांबर आणि सुकी मासळी यांचा एकत्र वास, तो नसेल तर ही कसली बोट.

आणि गंमत म्हणजे वासाबद्दल तिचं बरोबरच होतं. हे जहाज 1942 साली कॅनडात नोवा स्कोशियातल्या लुनेनबर्गला बांधलं, स्मिथ अँड रूलंडच्या कारखान्यात. त्याच कारखान्यात ब्लूनोझ बांधलं होतं, कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर जे शिडाचं जहाज आहे ना, ते. झ्विकर कॉड मासा पकडायला जायचं, न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स नावाच्या उथळ समुद्रात, रेस्टॉरंटचं नाव तिथूनच आलं. जहाजावर डोऱ्या म्हणजे छोट्या होड्या एकात एक रचून नेत, मग धुक्यात, लाटांत त्या खाली सोडून माणसं गळ टाकायला जात, भरलेली होडी घेऊन परत जहाजावर येत, मासा तिथल्या तिथे चिरून मीठ लावून खाली तळघरात रचत. हे मी सांगत होते आणि आईने मध्येच निकाल दिला, "म्हणजे सुक्या मासळीची बोट." झालं. जहाजाचा इतिहास मी वाचून वाचून पाठ केला होता तो तिने चार शब्दांत संपवला. पुढे त्या भागातला कॉड इतका उपसला गेला की 1992 मध्ये कॅनडाला मासेमारीवर बंदी घालावी लागली, दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी तीस वर्षांच्या वर राहिली. म्हणजे जहाज टिकलं, मासा गेला. आता त्याच डेकवर छत्रीखाली लोक लॉबस्टर रोल खातात.

मग कालवं आली. बर्फावर मांडलेली, लिंबाच्या फोडी, कसलीतरी व्हिनेगरची चटणी. आईच्या गावी कालवं म्हणजे ओहोटीला बायका खडकात जातात, पायात काहीतरी जाड घालून, कारण शिंपल्याची धार पाय सोलून काढते, टोकदार लोखंडाने वरची शिंपी उडवायची, आतला गर डब्यात, खालची शिंपी खडकालाच चिकटलेली राहते. डबाभर कालवं काढायला अख्खी ओहोटी जाते, कंबर जाते ती वेगळीच. मग कांद्यावर परतून, खोबऱ्याचं वाटण लावून सुकं. इथे एक पोरगा बारमागे उभा राहून आखूड, बोथट सुरीने एकेक उघडत होता, सांध्यात सुरी घालून मनगट वळवलं की टक. आई उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. चांगली पाच मिनिटं. परत आली ती खूश, "आतलं पाणी सांडत नाही हो तो." ही माझ्या आईची सर्वोच्च दाद आहे, आयुष्यात मला अशी मिळालेली आठवत नाही.

पण खायला तयार नाही. कच्ची? कच्ची. नवऱ्याने अगाऊपणा करून सांगितलं की कच्चीच नाही, जिवंत असतात. "मग मरू दे तरी तिला आधी." किंमत विचारली, एकीचे तीन-चार डॉलर, आईने तोंडी हिशोब करून रुपयांत आणलं आणि ताटलीकडे असं बघितलं की मी एक खाल्ली ती चोरासारखी.

तिने फ्राइज मागवल्या आणि नदीकडे बघत बसली. मध्येच म्हणाली, "ही नदी नाहीये. खाडी आहे." कसं काय? तर एक फळकूट वाहत चाललं होतं, ते समुद्राकडे जायच्या ऐवजी वर, उलटं चाललं होतं. भरती लागलेली. मी इथे अकरा वर्षं राहते, रोज खिडकीतून हे पाणी बघते, मला हे कधी दिसलं नाही. आणि खरंच, हडसनमध्ये भरती-ओहोटी समुद्रापासून 240 किलोमीटर आत, पार ट्रॉय गावापर्यंत जाते, इथल्या मूळ लोकांनी नदीला दिलेल्या नावाचा अर्थच दोन्हीकडे वाहणारं पाणी असा सांगतात. नकाशावाल्यांनी नदी लिहून ठेवलंय, जयगडची बाई फसत नाही.

मग ओघाने पुढचा प्रश्न आलाच, खाडी आहे तर कालवं इथलीच ना? नाहीत. एकेकाळी हे बंदर कालवांनी भरलेलं होतं, गरिबाचं खाणं होतं ते, खालच्या मॅनहॅटनमधल्या पर्ल स्ट्रीटला नाव पडलं ते शिंपल्यांच्या ढिगांवरून असं म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तर धक्क्याला तरंगती दुमजली घरं बांधलेली असायची, कालवांच्या व्यापाऱ्यांची, म्हणजे बोटीवर कालवं ही आयडिया पण नवीन नाहीच. नंतर शहराचं सांडपाणी सगळं इथेच आलं आणि 1927 पर्यंत उरलेसुरले पट्टे खाण्यासाठी बंद झाले. आता रेस्टॉरंटांमधल्या रिकाम्या शिंपल्या गोळा करून, उन्हात वाळवून, त्यावर कालवाची पिल्लं चिकटवून परत बंदरात सोडतात, खायला नाही, पाणी गाळायला. आई म्हणाली आमच्याकडे शिंपल्यांचा चुना करायचे. रिकामी शिंपी बिनकामाची कुठेच नसते तर.

जून होता. इंग्रजीत ज्या महिन्याच्या नावात आर नाही त्या महिन्यात कालवं खाऊ नयेत असा जुना नियम आहे, मे ते ऑगस्ट, म्हणजे नेमका या जहाजाच्या धंद्याचा हंगाम. आता मुद्दाम वाढवलेली कालवं असतात, बर्फ असतो, नियम कोण पाळतोय. आपल्याकडे तेव्हा 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, जयगडला बोटी वर ओढून झापांखाली, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या असणार, नारळी पौर्णिमेची वाट बघत. तिकडे या दिवसांत बोट पाण्याबाहेर, इकडे लोक बोटीत. आईला हे काही फार पटलं नाही, पावसाळा नाही तुमच्याकडे म्हणून चाललंय म्हणाली.

आणि तेवढ्यात एक फेरी जवळून वेगात गेली. तिच्या लाटा आल्या, ऐंशी वर्षांचं ते धूड हळूच उचललं गेलं, डावीकडे, मग उजवीकडे, दोर करकरले. गॉगलवाली पोरं ओरडली, मजा आली त्यांना. आई एकदम गप्प. दोन्ही हात टेबलावर. मग तिने काही न बोलता आमच्या ताटलीतली लिंबाची फोड उचलली आणि नाकाला लावली.

वेट्रेस धावत आली, लिंबू खराब आहे का? मी समजवायला गेले, शी इज... बोट... आणि अडकले. सी-सिक म्हणावं तर समुद्र नाही, बोट चालू नाही, बाई बसून फ्राइज खातायत. नवरा म्हणाला, जहाज धक्क्याला लागलंय आणि सासूबाईंना जहाज लागलंय, कर आता ट्रान्सलेट.

वेट्रेस वाटीभर फोडी घेऊन आली. आईने एक वापरली, दुसरी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकली.

"आता कशाला? उतरतोय ना."

"परत त्या बोगद्यातनंच जायचंय ना? या बोटींच्या खालून."