कोजागिरीनंतरचा गळाचा रविवार

कोजागिरी झाली की पुढचा रविवार आमच्या मंडळाचा. बाकी मंडळं गणपतीत उठून दिसतात, आमचाही मांडव असतोच, पण जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही विचारा वर्षातला कुठला दिवस सगळ्यात जास्त आठवतो, तो गळाचा रविवारच सांगेल. अख्खी गल्ली, म्हातारेकोतारे, पोरंसोरं, माहेरी आलेल्या आत्या-मावश्या, सगळे टेम्पोत बसून नदीला जायचे आणि दिवसभर बांबूच्या काठीने मासे धरायचे. रीळ नाही, जाळं तर नाहीच नाही. काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बूच म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, शिसं आणि गळ. बस.

दिवस उगाच नव्हता निवडलेला. आषाढात माशाच्या पोटात गाभोळी असते तेव्हा गळ टाकायचा नाही हा म्हाताऱ्यांचा दंडक, मग श्रावण लागतो, गणपती येतात, नवरात्र येतं, म्हणजे निम्म्या घरांत मासमच्छी बंद. दसरा-कोजागिरीपर्यंत नदीचं गढूळ पाणी निवळतं, पाण्यावरचं बूच लांबून दिसायला लागतं, आणि थंडी अजून पडलेली नसते. नाशकात एकदा कडाक्याची थंडी पडली ना की मासा सुस्तावतो, तासन् तास बसा, तोंड लावत नाही. म्हणून तोच रविवार, कित्येक वर्षं तोच.

जागा मात्र बदलत गेली. रामकुंडाच्या, घाटाच्या आसपास कधीच नाही, तिथे गळ काढायचाच नाही हे न सांगता सगळ्यांना माहीत. माझ्या लहानपणी आनंदवलीला नवश्या गणपतीच्या वरच्या अंगाला, सोमेश्वरच्या दिशेने, काठावर बाभळी होत्या तिथे बसायचो. पुढे गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, पाणवेली एवढ्या माजल्या की बूच टाकायला उघडं पाणी सापडेना, मग दारणेच्या काठावर चेहेडीच्या पुढे जायला लागलो, तिथल्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारून. आणि निघायच्या आधी एक चौकशी ठरलेली, वरून आवर्तन सुटलंय का? धरणातून पाणी सोडलं असेल तर काठ भरून वाहतो, बूच जागेवर राहत नाही, अशा वेळी सरळ एक रविवार पुढे ढकलायचे.

पण खरं सांगू का, माझ्यासाठी खरा कार्यक्रम रविवारचा नव्हताच. आधीचा आठवडाभर मंडळाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी जे चालायचं ना, ते. त्या आठवड्यात सगळं सामान हाताने बनायचं. काठ्या आदल्या हिवाळ्यातच आणलेल्या असायच्या, बुरुडाकडून, भरीव मानवेल, कारण पोकळ बांबू जोराच्या माशाला पिचतो, आणि पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो म्हणून थंडीत तोडलेलाच घ्यायचा. त्याला शेगडीवर फिरवत फिरवत गरम करायचं, वाकडा असेल तिथे गुडघ्यावर दाबून सरळ करायचं, जवसाचं तेल पाजायचं आणि खाली दगड बांधून जिन्यात उलटा टांगून ठेवायचा. आमच्या जिन्यात वर्षभर असे बांबू लटकलेले असायचे, पाहुणे विचारायचे हे काय आहे.

बूच बनवायचं काम मोठ्यांनी पोरांकडे दिलेलं. साधी बुचं भेंडाची. लग्नात नवरदेवाच्या बाशिंगाला वापरतात ते पांढरं हलकं भेंड, बाशिंगवाल्याकडून तुकडे आणायचे, ब्लेडने गोल करायचे, मधून काडी घालायची. पण सगळ्यात भारी बूच मोराच्या पिसाचं. पावसाळ्याच्या शेवटी मोर आपोआप पिसं टाकतात, मखमलाबाद-आडगावच्या मळ्यात ज्यांचे नातेवाईक होते ते गळून पडलेली गोळा करून आणायचे. पिसाच्या दोन्ही बाजूचे केस ओढून काढायचे, राहिलेल्या पांढऱ्या देठाला काचपेपर मारायचा, वीतभर तुकडा तोडायचा. त्या देठाच्या आत कापसासारखा पांढरा गर असतो, पाणी शिरत नाही, वजन तर जवळपास नाहीच. तंगुसाला तो अडकवायचा सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीचे दोन बारीक तुकडे कापून, एक वर एक खाली, म्हणजे हवं तेव्हा बूच वरखाली सरकवून खोली बदलता येते. वरच्या टोकाला आत्याची लाल नेलपॉलिश. आणि मग सगळ्यात नाजूक काम. ओट्यावर पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं असायचं, त्यात बूच सोडून तंगुसाला एकेक शिशाची गोळी दाताने दाबून लावायची (आता आठवून अंगावर काटा येतो, शिसं तोंडात घालायचो आम्ही), इतकी की लाल टोक फक्त नखाएवढं पाण्यावर राहील. त्याहून जास्त राहिलं तर माशाला बूच ओढायला जोर लागतो आणि तो आमिष सोडून देतो. कमी राहिलं तर जराशा लाटेनेही बुडतं. नखाएवढंच. एका पोराचं ते जमलं की बाकीचे पिंपाभोवती गोळा होऊन बघायचे.

गळ तेवढा विकतचा. भद्रकालीच्या बाजाराकडून छोट्या पाकिटातले आणायचे, मुस्टाडचे, नॉर्वेची कंपनी आहे ती. त्यात नंबर जेवढा मोठा तेवढा गळ लहान, हे नव्या पोरांना दरवर्षी समजवावं लागायचं. गाठ बांधायची मात्र प्रत्येकाने स्वतः, काकांच्या समोर बसून, थुंकी लावून ओली करून मगच आवळायची, कारण कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून कमजोर होतो. काका म्हणजे कोणाचे सख्खे काका नव्हेत, गल्लीतले सुतारकाम करणारे काका, सगळे त्यांना नुसतं काकाच म्हणायचो. ते गाठ हातात घेऊन एक झटका द्यायचे. तुटली तर रागवायचे नाहीत, परत तंगूस पुढे करायचे.

आमिषाची प्रत्येक घराची आपली रीत. कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग आमच्याकडे, कोणी भाताचे गोळे करायचे, कोणी गुळाचं पाणी टाकायचं. गांडुळं परसातल्या मोरीच्या कडेची. कोणाच्या आमिषाला जास्त मासा लागतो यावर आदल्या रात्री अगदी तावातावाने भांडणं व्हायची आणि बायकाही त्यात मागे नसायच्या.

आता बुचाकडे बघायचं कसं ते सांगतो, कारण ज्यांनी बूच टाकून मासे धरलेले नाहीत त्यांना वाटतं बूच बुडालं की ओढायचं, संपलं. तसं नाही हो. माझ्या आत्याइतकं बूच वाचणारं माणूस मी पाहिलं नाही. ती पदर खोचून काठाला बसायची आणि बुचाच्या हालचालीवरून सांगायची खाली काय आहे. टुक टुक टुक असं सारखं नाचतंय म्हणजे चिलापी, बारकी, टोचून बघतेय. बूच शांतपणे एका बाजूला चालायला लागलं, बुडत नाही नुसतं चालतंय, म्हणजे रोहू. आणि कधी कधी बूच बुडायच्या ऐवजी वर येतं आणि पाण्यावर आडवं पडतं. मला लहानपणी वाटायचं तंगूस तुटला. आत्या म्हणायची, "अरे आत्ता ओढ! त्याने शिसं उचललंय." तळाला टेकलेली शिशाची गोळी माशाने आमिषाबरोबर वर उचलली की बुचावरचं वजन जातं आणि ते आडवं होतं, तळाशी चरणारा मासा असाच घेतो. आणि मी घाई केली की तिचं ठरलेलं वाक्य, "थांब रे, अजून चव बघतोय तो."

खोलीचंही तसंच. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी बूच गळाजवळ सरकवायचं. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ अगदी तळाला, त्याच्यासाठी बूच लांब. हे तिन्ही मूळचे आपल्या दख्खनचे नाहीत, उत्तरेकडच्या नद्यांतले, धरणांत बीज सोडून आणलेले, आणि चिलापी तर आफ्रिकेची, भारतात 1952 साली आणली. आपल्या इथली म्हणजे मरळ, वाम, शिंगाडा. वाम संध्याकाळी अंधार पडताना गांडुळाला लागायची आणि तंगुसाला असे वेटोळे घालायची की सोडवताना दोघं लागायचे.

दुपारी जेवण. बाजरीच्या भाकरी, वांग्याची भाजी, काळ्या मसाल्याचा रस्सा, ठेचा, आणि सकाळी लागलेले मासे तिथेच तव्यावर हळद-मीठ-तिखट लावून. न खाणाऱ्यांची चूल वेगळी, त्यांचा मानही वेगळा, कारण बऱ्याच जणांना खायचा नसायचा पण धरायचा नाद होता. बोटभराची पिल्लं आणि पोट फुगलेली मादी परत पाण्यात, यावर कोणी वाद घालायचा नाही. बक्षीस मोठ्या माशाला नसायचं. बक्षीस सगळ्यात सुंदर बुचाला आणि ते ठरवायची दहा वर्षांच्या आतली पोरं, आणि मला आजही वाटतं की आमच्या मंडळाने घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण मासा लागणं नदीच्या हातात, बूच तुमच्या.

त्या दिवशी एक जण देवळालीहून यायचे, त्यांच्याकडे साहेबाच्या काळातली रॉड होती. देवळाली कॅम्प म्हणजे लष्कराची वस्ती, इंग्रज गेल्यावर त्यांचं बरंच सामान तिथल्या जुन्या बाजारात आलं म्हणतात, त्यातच त्यांच्या वडिलांनी घेतलेली. बांबूचीच, पण आमच्यासारखी अख्खी नाही. बांबूच्या सहा तिकोनी चिपा एकमेकींना चिकटवून केलेली, टोकाकडून बघितलं तर षटकोन. त्यासाठी चीनमधला टोंकिन बांबू वापरत. सोबत लाकडी रीळ, पितळेच्या पट्टीवर बसवलेलं, गिअर नाही काही नाही, नुसती चकती, पण बोटाने टिचकी मारली की फिरतच राहायची. त्या पद्धतीचं रीळ इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या बाजूचं, संथ नदीत बूच प्रवाहाबरोबर सोडत न्यायचं आणि चकतीवर अंगठ्याने ब्रेक लावायचा, असं त्याचं काम. त्यावर ते रेशमी दोरा वापरायचे, वापरून झाला की उन्हात सुकवायचाच, नाहीतर कुजतो. नायलॉनच आलं 1930 च्या दशकाच्या शेवटी, त्याआधी सगळीकडे रेशीम, घोड्याच्या शेपटीचे केस, आणि गळाजवळ रेशमाच्या किड्यापासून काढलेली तार, ती आधी पाण्यात भिजवून मऊ करायची तेव्हा कुठे गाठ बसायची. हे सगळं ते आम्हा पोरांना एकेक वस्तू हातात देऊन दाखवायचे, त्यांनी कधीच म्हटलं नाही हात लावू नका. मंडळाच्या नियमात रीळ बसत नव्हतं, म्हणून ते स्वतः आमच्यासारखीच साधी काठी घेऊन बसायचे आणि रॉड नुसती दाखवायला आणायचे.

2008 च्या पुरात सराफ बाजारापर्यंत पाणी आलं तेव्हा मंडळाच्या खोलीतही शिरलं. काठ्या, बुचांचे डबे, सगळं वाहून नाहीतर चिखलात गेलं. त्या वर्षी रविवार झाला नाही. पुढच्या वर्षी झाला, पण तयारीला वेळ नव्हता म्हणून बऱ्याच जणांनी बाजारातून फायबरच्या काठ्या आणल्या, प्लॅस्टिकचे रंगीत फ्लोट आणले, आणि मग ते तसंच सुरू राहिलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. फायबरची काठी हलकी आहे, भुंगा लागत नाही, पोरांना लवकर येते. पण शनिवारी रात्री पाकीट फोडून रविवारी नदीवर गेलं की तो आधीचा आठवडा जातो ना हो. पिंपाभोवती कोण जमणार? गाठ कोणासमोर बसून बांधणार? आत्या बुचाबद्दल जे शिकवायची ते ओट्यावरच सुरू व्हायचं, स्वतः तोललेलं बूच असेल तर त्याचं जरासं हलणंही कळतं, विकतच्याचं नाही कळत, निदान मला तरी नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही काही जणांनी ओटा परत सुरू केलाय. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, हात थरथरतो पण गाठीला झटका अजून तेच देतात. शिसं आम्ही बंद केलं. इंग्लंडात 1987 पासून गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या गोळ्या विकायला बंदी आहे कारण पाण्यात पडलेल्या गोळ्या हंस खायचे आणि विषबाधा होऊन मरायचे. आपली दारणा पुढे गोदावरीला मिळते आणि तेच पाणी नांदूरमध्यमेश्वरला जातं, जिथे हिवाळ्यात हजारोंनी बदकं उतरतात. मग आपण कशाला वापरायचं? तांब्याची तार गुंडाळून वजन करतो, थोडं किचकट आहे पण पिंपात बरोबर तोलता येतं, उलट तार नखभर तोडली की वजन अगदी बारीक कमी करता येतं, गोळीने ते जमत नव्हतं. पोरांनीच शोधलं हे. आमच्या गल्लीतली एक सातवीतली मुलगी मोराच्या पिसाचं बूच असं काही बनवते की गेल्या वेळी छोट्या परीक्षकांनी एकमताने तिला स्टीलचा डबा दिला.

अडचण एकच आहे, भेंडाची. बाशिंगं आता थर्माकोलची येतात, जुने बाशिंगवाले म्हणतात भेंड येतच नाही. ते तळ्याच्या, भाताच्या खाचराच्या कडेला उगवतं, तेव्हा इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला कोणाच्या शेतात असेल तर जरूर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि कोणाच्या माळ्यावर आजोबांची जुनी काठी, लाकडी रीळ, बुचांचा डबा असं काही पडून असेल तर भंगारात देऊ नका, आमच्या ओट्यावर आणा. काका आणि आम्ही दोघं-तिघं रोज सातनंतर तिथेच असतो, दुरुस्तीचे पैसे घेत नाही, चहा मिळेल.