‘सुरू झाल्यावर’ म्हणजे नक्की कधी?

“मशीन सुरू झालं की माझा प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायला हवा, ती ओळ कुठे लिहू?” मी लिनक्सवर काम करतो हे कळलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. पंधरा वर्षांपूर्वी उत्तर एका वाक्यात संपायचं: मशीन सुरू होताना चालणाऱ्या आरसी.लोकल फाइलमध्ये, ‘एक्झिट ०’ या शेवटच्या ओळीच्या वर. आता मीच उलट विचारतो, सुरू म्हणजे कधी? समोरच्याला वाटतं मी शिष्टपणा करतोय.

तसं नाही. आमच्या सोसायटीच्या टाकीत मी सेन्सर बसवलाय. खाली मीटरच्या खोलीत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कंप्युटर आहे. पाणी उतरलं की तो वॉचमनला मेसेज पाठवतो. ऐंशीएक ओळींची पायथन स्क्रिप्ट. लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करणं आणि सांभाळणं हे काम सिस्टीमडीचं, म्हणून त्याला सूचना देणारी युनिट फाइल लिहिली, ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ (बंद पडली की दर वेळी उठव) टाकलं, बूटच्या वेळी चालावी म्हणून एनेबल केली आणि पाय चारदा रीबूट करून पाहिला. चारही वेळा ठणठणीत.

मग एका गुरुवारी लाइट गेली, दुपारी आली. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात. “अहो, टाकी कोरडी ठाक आहे, तुमचं यंत्र काय झोपलंय का?”

खरंच झोपलं होतं. लॉगमध्ये शेवटची ओळ: ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. झालं होतं असं, की लाइट आल्यावर पाय अर्ध्या मिनिटात उठला, पण राउटरला जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. स्क्रिप्टला सर्व्हर सापडेना, ती मेली. सिस्टीमडीने उठवली, पुन्हा मेली. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर तो दोन प्रयत्नांत जेमतेम शंभर मिलिसेकंद थांबतो आणि दहा सेकंदांत पाचदा सुरू करून झालं की नाद सोडतो. म्हणजे ‘ऑलवेज’चा अर्थ ‘पाच वेळा’! माझ्या चाचणीत हे दिसणारच नव्हतं, कारण मी रीबूट करायचो तेव्हा राउटर चालूच असायचा.

जुन्या पद्धतीत सगळं एकामागून एक चालायचं आणि आरसी.लोकल रांगेत शेवटी. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टीमडी आणलं, २०१५ पर्यंत डेबियन आणि उबुंटू हे लिनक्सचे प्रकारही त्यावर गेले. आता जे जे एकदम सुरू करता येईल ते एकदम सुरू होतं. बूट लवकर होतं, यात वाद नाही. पण रांगच नाही तर शेवट कुठला? आरसी.लोकल बनवून एक्झिक्युटेबल केली (म्हणजे चालवायची परवानगी दिली) तर बऱ्याच ठिकाणी ती आजही चालते, फक्त तिच्याआधी सगळं झालेलं असेल याची खात्री नाही.

युनिट फाइलमधले शब्दही फसवे. ‘आफ्टर’ लिहिलं की फक्त क्रम ठरतो. ती गोष्ट सुरू करायला ‘वॉन्ट्स’ वेगळं लिहावं लागतं. ‘नेटवर्क.टार्गेट’ म्हणजे नेटवर्क लागलं असं कुणालाही वाटेल. तसं नसतं, त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’. आणि तोही ठरावीक वेळ वाट पाहून पुढे जातो. ही नावं ठेवणाऱ्याने आमच्या काकूंना उत्तर द्यायला यावं.

बाकीचे रस्तेही आहेत. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा ‘@रीबूट’ सोपा, पण पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा आणि नेटवर्कशी देणंघेणं नाही. युजर सर्व्हिस, म्हणजे अख्ख्या मशीनऐवजी एका युजरच्या नावाने चालणारी, लिहिली तर ‘लिंगर’ हे सेटिंग चालू केल्याशिवाय ती लॉगिनची वाट बघते आणि लॉगआउट केलं की बंद पडते. हे एकदा कळेपर्यंत माझा रविवार गेला, कारण बघायला लॉगिन केलं की ती हजर असायची! खिडकी उघडणारा प्रोग्रॅम असेल तर डेस्कटॉपच्या ऑटोस्टार्टमध्ये टाका, सिस्टीम सर्व्हिसच्या वाटेला जाऊ नका.

माझ्या फाइलमध्ये आता ‘रीस्टार्टसेक=३०’ आणि ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०’ आहे: अर्ध्या मिनिटाने उठव, कितीही वेळा. चाचणी रीबूट करून घेत नाही. पाय आणि राउटर एकाच बोर्डावर आहेत, तो बोर्डच बंद करतो, दहापर्यंत मोजतो आणि चालू करतो.