तुम्ही विचारलंत म्हणून: उपदेशाला कागद का लागतो

"पाळकसाहेब, कागद काऊन पाह्यता जी? पवित्र आत्मा नाही सांगत का तुमाले?"

मी एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक. रविवारचा उपदेश कागदावर लिहून आणतो. मंडळीच्या जुन्या वडिलांपासून (म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपासून) कालपरवा बाप्तिस्मा घेतलेल्या पोरापर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. लग्नाच्या पंगतीत, घरसभेनंतर चहा पिताना, एकदा तर भरल्या एसटीत. दरवेळी हसून वेळ मारून नेली. आता लिहूनच ठेवतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हे हातात देईन. कागदच देईन, हो.

आधी ते बायबलमधल्या मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं वचन. कसं आणि काय बोलावं याची काळजी करू नका, त्या घटकेला ते सुचवलं जाईल. हे तुम्ही मला ऐकवता. पण येशूनं ते सांगितलं कुणाला? धरून अधिकाऱ्यांपुढं उभं केलं जाणार होतं त्या शिष्यांना. मला रविवारी पुलपीटवर, उपदेशाच्या व्यासपीठावर, कुणी धरून आणत नाही. माझ्या हाताशी आठवडा असतो. म्हणजे मयत, आजारी माणसं, भावाभावांची धुऱ्यावरून भांडणं आणि शेजारच्या गावची उपासना यांतून उरलेला. प्रेषित पौलाचं तर आणखी पाहा. तुरुंगात आहे, मरण समोर दिसतंय, आणि आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो: त्रोवसात कार्पाकडं राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेष करून चर्मपत्रं आण. आत्मा त्याच्याकडंही होता की!

तरी तुमची तक्रार कुठून येते ते मला कळतं. हा मुलूख गाडगेबाबांचा. अक्षरओळख नसलेला माणूस समोरच्यांना सवाल करत करत रात्र जागवायचा. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत आपले आजे मोठे झाले. नंतर ते ख्रिस्ती झाले, पण कान काही बदलले नाहीत. त्या कानांना मान खाली घालून वाचणारा पाळक म्हणजे ग्रामसभेत इतिवृत्त वाचणारा ग्रामसेवक.

मीही तुमच्यातलाच होतो. यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, १९८३ साली पुण्याला गेली, तिथं मी शिकलो. उपदेशशास्त्राच्या तासाला मी वाद घालायचो की कागद म्हणजे अविश्वास. ज्याला लिहून आणावं लागतं त्याला देवाचं बोलावणंच नाही. तो पोरगा आज समोर आला तर त्याला पुरतं खोटं ठरवता येईल असं मला वाटत नाही. फक्त म्हणेन, बाबा, अजून तू लेकराच्या मातीला उभा राहिला नाहीस.

आमच्या मंडळीतलं एक पोरगं, चौथीतलं. कापूस वेचणीचे दिवस. सुट्टीचं आईबरोबर वावरात गेलं आणि पराटीत, कपाशीच्या झाडांत, साप चावला. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेलं. तिथं इंजेक्शनं सुरू झाली, पुढं मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि वाटेत ते गेलं. दुसऱ्या दिवशी माती. त्या आठवड्यात सभांसाठी एक पाहुणे प्रचारक गावात आले होते. कुणीतरी म्हटलं, त्यांनीही दोन शब्द बोलावेत.

माणूस वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, आवाज चांगला होता. लाजराची बहीण मार्था येशूला म्हणते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता, तिथून त्यांनी सुरुवात केली. एका वाक्यातून दुसरं निघत गेलं, आवाज चढत गेला, आणि त्या भरात ते बोलून गेले: "त्या रात्री विश्वासानं प्रार्थना झाली असती, तर हे लेकरू आज आपल्यात उभं असतं."

मागून कुणीतरी "आमेन" म्हटलं. सवयीनं.

घरी बसून लिहायला लागले असते, तर त्यांनी ते वाक्य कधीच लिहिलं नसतं, असं मला अजून वाटतं. लिहिताना हात थांबतो.

रात्री त्या लेकराची आई मला म्हणाली, "साहेब, मी प्रार्थना केलती. दवाखान्यात जाईस्तोवर करत होती. कमी पडली का?"

मी नाही म्हणालो. त्या एका 'नाही'नं काय होतं?

त्या रविवारसाठी मी लूकचा तेरावा अध्याय घेतला. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला. ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते का? येशू म्हणतो, नाही. बुरूज का पडला, ते मात्र तो सांगत नाही. आठवडाभर लिहीत आणि खोडत राहिलो. 'देवाची इच्छा' खोडलं. 'देवाला तो जास्त आवडला' खोडलं. 'यातूनही काही चांगलं निघेल' हे दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरे होते. बोलायला लागले आणि घाण केली. उपासनेला माझ्या हातात दीड पान उरलं होतं. मान वर न करता मी ते वाचलं. लेकराची आई तिसऱ्या ओळीत बसली होती. तिच्याकडं पाहिलं असतं, तर धीर द्यायला एखादं वाक्य जास्तीचं बोललो असतो. मला ते वाक्य नको होतं. विसरू नये म्हणून मी कागद घेत नाही. थांबता यावं म्हणून घेतो.

आणि खरं सांगायचं तर लपायलाही घेतो. लोकांचे चेहरे झेपत नाहीत असे रविवार असतात.

ती आता आमच्याकडं येत नाही. तालुक्याच्या गावी हॉलमध्ये सभा भरते, तिथं जाते. तिथले प्रचारक कागद घेत नाहीत. तिचा नवरा म्हणतो, तिथं तिला रडता येतं. तो एकटा आमच्याकडं येतो, शेवटच्या बाकावर बसतो. ते दीड पान तिच्या कामाचं होतं की फक्त माझ्या, हे मी त्याला विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात मंडळीच्या एका म्हाताऱ्या वडिलांपुढं मी नासरेथच्या सभास्थानाची गोष्ट काढली. म्हटलं, येशूनंसुद्धा यशयाचा ग्रंथपट हातात घेऊनच वाचलं. म्हातारा काही कमी नाही. म्हणाला, "वाचलं ना जी. मंग गुंडाळून त्या सेवकाले वापस देल्ला. बोलला तं त्याच्या बादच."

यावर माझ्याकडं उत्तर नाही. या रविवारचा कागद मात्र लिहून झालाय.