‘नाव’ आणि ‘यूको’

एका पतसंस्थेसाठी मी १२ वर्षांपूर्वी विंडोज फॉर्म्स हे मायक्रोसॉफ्टचे साधन वापरून ठेवी आणि कर्जखात्यांचे सॉफ्टवेअर लिहिले होते. गेल्या वर्षी तेथे पूर्णतः अंध असलेल्या एक लिपिक रुजू झाल्या. मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, त्या वापरत. त्यांनी माझे सॉफ्टवेअर उघडले तेव्हा पहिल्याच चौकटीवर ‘यूको’ असे काहीतरी ऐकू आले. “सर, ही कोणती भाषा आहे?” असे त्यांनी मला फोनवर विचारले.

ती मराठीच होती, पण फक्त डोळ्यांसाठी. सगळी लेबले कृतिदेव फॉन्टमध्ये होती. त्यात ‘नाव’ दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ती यू, के, ओ ही रोमन अक्षरे असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो आणि स्क्रीन रीडरपर्यंत ते रूप पोहोचत नाही. त्यामुळे लेबलांबरोबर सभासदांची सगळी नावेही युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक असलेल्या पद्धतीत, आणावी लागली. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. म्हणून ‘शिर्के’सारखी आडनावे रूपांतरानंतर मी एकेक करून तपासली.

त्यानंतर मॉनिटर बंद करून मी स्वतः एक भरणा नोंदवायला बसलो. रकमेच्या चौकटीवर आवाज म्हणाला, ‘खाते क्रमांक’. मी थबकलो. चौकटीला वेगळे नाव दिलेले नसेल, तर विंडोज फॉर्म्समध्ये टॅब कळीच्या क्रमाने तिच्या आधी येणाऱ्या लेबलचा मजकूर तिचे नाव ठरतो, आणि माझ्या लेबलांचे क्रम वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांत विस्कटले होते. पडद्यावर सारे जागच्या जागी असल्याने ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. पैशांच्या व्यवहारात मुक्या चौकटीपेक्षा चुकीचे नाव सांगणारी चौकट अधिक घातक, असे मला वाटते. मी क्रम सुधारले आणि प्रत्येक चौकटीला ॲक्सेसिबल नेम, म्हणजे स्क्रीन रीडरने उच्चारायचे नाव, स्वतंत्रपणे दिले.

चित्रांच्या बटणांनाही नावे दिली. चुकीची नोंद केवळ लाल रंगाने दाखवण्याऐवजी साध्या संदेशपेटीत शब्दांत सांगितली, कारण ती पेटी उघडताच वाचली जाते. सर्वांत जास्त वेळ खात्याच्या उताऱ्याने घेतला. तो तक्ता मी हौसेने स्वतः रेखाटलेला होता. एनव्हीडीएच्या दृष्टीने तो एक कोरा आयत होता. अखेर तो काढून तेथे डेटाग्रिडव्ह्यू हा तयार तक्ता बसवला.

आता त्या लिपिक भरणा, नावे (डेबिट) आणि व्याजाच्या नोंदी स्वतः करतात. पावतीचे छपाईपूर्व दृश्य मात्र अजून निव्वळ चित्रच आहे, त्यामुळे पावती हाती देण्यापूर्वी त्यांना शेजारच्या सहकाऱ्याकडून ती वाचून घ्यावी लागते. तोच मजकूर बाणांच्या कळांनी ओळीओळीने ऐकता येईल अशी खिडकी मी सध्या लिहीत आहे.