दीडशे केल्व्हिनपाशी उसळलेला रोध

व्हॅनेडियम सेस्क्विऑक्साइडचा, म्हणजे व्हॅनेडियम धातूच्या एका ऑक्साइडचा, काळा, चकाकता स्फटिक आम्ही क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणाऱ्या उपकरणात, बसवला तेव्हा एमएस्सीचा एक विद्यार्थी मदतीला होता. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या तुकड्यावर भिंगाखाली सिल्व्हर पेस्टचे चार ठिपके देऊन सोन्याच्या तारा चिकटवण्यातच सकाळ गेली. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधले व्होल्टेज मोजायचे, म्हणजे जोडांचा रोध मोजणीत शिरत नाही.

द्रवरूप नायट्रोजनने तापमान उतरू लागले, तसा रोध धातूला साजेसा हळूहळू घटत गेला. सुमारे १५० केल्व्हिनपाशी मात्र तो एकाएकी उसळला आणि मीटरची कक्षाच संपली.

"मॅडम, तार सुटली बहुतेक."

शंका रास्त होती, कारण धातूतून विद्युतरोधकात होणाऱ्या या संक्रमणात स्फटिकाचे आकारमान सुमारे एक टक्क्याने वाढते, त्या ताणाने त्याला तडे जातात आणि जोड उखडतात. पण सुटलेली तार तापवल्याने आपोआप जुळत नाही, म्हणून मी हीटर लावायला सांगितला. तापमान १६० च्या पुढे गेले आणि रोध पुन्हा एका ओहमच्या आत आला. उतरताना एका तापमानाला आणि चढताना त्याहून वरच्या तापमानाला होणारा हा बदल पाहून विद्यार्थी आलेखावरून नजर हलवेना. उच्च रोध मोजणारे उपकरण जोडून पुन्हा थंड केल्यावर वाढ जवळजवळ एक कोटी पटींची निघाली.

या संयुगातील प्रत्येक व्हॅनेडियम आयनाकडे ३डी नावाच्या बाहेरच्या कक्षेतले दोन इलेक्ट्रॉन असतात. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांचा पल्ला म्हणजे पट्टा; अर्धवट भरलेला पट्टा म्हणजे धातू, हा पट्टा सिद्धान्ताचा साधा हिशेब. निकेल ऑक्साइडसारख्या पदार्थांत तो चुकतो, हे द बोअर आणि फेरवे या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये दाखवले. त्याचे मूळ इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणात आहे, हा विचार भौतिकशास्त्रज्ञ मॉट यांनी १९४९ मध्ये पुढे नेला. एखाद्या अणूवर आणखी एक इलेक्ट्रॉन येण्यासाठी मोजावी लागणारी ऊर्जा, शेजारच्या अणूवर उडी मारून वाचणाऱ्या ऊर्जेपेक्षा बरीच मोठी असेल, तर इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकतात आणि पट्टा अर्धवट भरलेला असूनही प्रवाह वाहत नाही.

"मग आपण पाहिले ते हेच का?" त्याने विचारले. एवढ्यावरून हो म्हणणे मला पटेना. थंड अवस्थेत या स्फटिकाची जालकरचनाही, म्हणजे अणूंची मांडणीही, बदलते आणि अणूंची चुंबकत्वे एकमेकांना छेद देत उलटसुलट लागण्याचा प्रतिलोहचुंबकी क्रमही येतो, त्यामुळे सारे श्रेय एकट्या प्रतिकर्षणाला देता येत नाही. म्हणून दुपारी क्रोमियम मिसळलेला नमुना घेतला, ज्यात व्हॅनेडियमच्या शंभर अणूंमागे एक-दोन अणू क्रोमियमचे असतात. खोलीच्या तापमानाला त्याची जालकरचना शुद्ध स्फटिकाच्या धातूरूपासारखीच असते, चुंबकी क्रम नसतो, तरीही त्याचा रोध शुद्ध स्फटिकाच्या कितीतरी पट भरला. असा नमुना दाबाखाली धातू बनतो, हे मॅकव्हॅन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास दाखवले होते. अणू जवळ आले की इलेक्ट्रॉनांना उडी मारणे सोपे जाते. मॉट यांच्या बाजूने हा पुरावा मला सकाळच्या उसळीहून अधिक भक्कम वाटतो.