बर्फाखालचा वॉलआय: लेक ऑफ द वूड्सवर हिवाळ्यात मासे गरवताना

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनीॲपोलिसहून लेक ऑफ द वूड्सजवळचं बॉडेट गाव साधारण साडेचारशे किलोमीटर. हिवाळ्यात पाच तास धरा, बर्फ पडत असेल तर सहा. बेमिजीपर्यंत रस्त्याला वर्दळ असते. पुढे ब्लॅकडकहून ७२ नंबरचा हायवे धरला की दोन्ही बाजूंना गोठलेली दलदल आणि खुरटी स्प्रूसची झाडं, वस्ती अगदी तुरळक. म्हणून पेट्रोल बेमिजीलाच भरून घ्यायचं आणि गाडीत फावडं, ब्लँकेट, जंपर केबल ठेवायची. उणे ३० सेल्सिअसला गाडी बंद पडली तर मदत येईपर्यंतचा वेळ त्यावरच काढायचा असतो.

वाटेत वास्किशला अप्पर रेड लेक लागतं. आपण ज्याच्यामागे निघालो तो वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा. बेसुमार मासेमारीने तो इथे इतका आटला होता की १९९९ साली त्याची मासेमारीच बंद करावी लागली. रेड लेकचे मूलनिवासी ओजिब्वे लोक आणि मिनेसोटा राज्य यांनी मिळून पिल्लं सोडली, वाट पाहिली आणि २००६ साली हे पाणी पुन्हा खुलं झालं. आज इथे लोक हौसेने बर्फावर बसतात त्यामागे ती सात वर्षांची कळ आहे. मासा किती ठेवायचा याचे नियम जाचक वाटले तर हे तळं आठवावं.

बॉडेटच्या वेशीवर चाळीस फुटी वॉलआयचा पुतळा आहे, नाव विली. तिथून सरोवर जवळच. लेक ऑफ द वूड्स मिनेसोटा आणि कॅनडाचे ओंटारियो, मॅनिटोबा हे प्रांत यांच्यात पसरलेलं आहे आणि त्यात १४,००० हून अधिक बेटं आहेत. पहिल्यांदाच बर्फावर जाणाऱ्याने इथेच यावं असं आम्ही सांगतो, त्याचं कारण पाण्याचा रंग. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं आणि तो तेव्हाच शिकारीला निघतो. मिल लॅक्ससारख्या नितळ पाण्याच्या सरोवरात म्हणूनच तो बहुतेक दिवस गप्प असतो, खरी संधी सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासचा तासभर. लेक ऑफ द वूड्सचं पाणी चहाच्या रंगाचं आहे, वर बर्फ आणि त्यावर हिम. खाली दुपारीही अंधारच असतो, आणि मासा दिवसभर अधूनमधून लागतो. नवख्या माणसाला हात बसवायला त्यामुळे पुरेसा वेळ मिळतो.

आता बर्फाबद्दल, आणि हे घाईने वाचू नका. मिनेसोटाचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं, ज्याला सगळे डीएनआर म्हणतात, नव्या पारदर्शक बर्फासाठी असा हिशेब देतं: ४ इंचांच्या आत पाऊल टाकायचं नाही, ४ इंचांवर पायी, ५ ते ७ वर स्नोमोबाइल, ९-१० वर छोटी मोटार, मध्यम पिकअपला १३. बर्फ पांढरा, दुधी असेल तर त्यात हवा अडकलेली असते आणि ताकद निम्मी भरते, म्हणजे जाडी दुप्पट हवी. वर हिमाचा थर असेल तर तो गोधडीसारखा थंडी अडवतो आणि खालचा बर्फ वाढतच नाही. शेजारी ट्रक उभा दिसतो यावर विसंबू नये. रेनी नदी जिथे सरोवरात शिरते तिथे, बेटांमधल्या अरुंद फटींत आणि पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकांना प्रवाह बर्फ खालून खातो; शंभर पावलांत दीड फुटाचा सहा इंच होऊ शकतो.

पायी जाताना हातात जड लोखंडी पहार हवी. दर दोन-चार पावलांवर पुढे जोरात ठोसा द्यायचा. आवाज भरीव आणि पहार उसळून आली तर पुढे. पाणी वर आलं तर आलेल्या पावलांवरून मागे. गळ्यात बर्फात रुतवायच्या टोच्यांची जोडी असावी, बॅगेत नव्हे. पाण्यात पडलाच तर पहिल्या मिनिटात फक्त श्वास सावरायचा, कारण थंडीच्या धक्क्याने माणूस धापा टाकत पाणी गिळतो. मग तोंड आलेल्या दिशेला करायचं, कारण त्या बर्फाने आपलं वजन आत्ताच पेललेलं असतं. टोचे रोवून, पाय पोहल्यासारखे मारत छातीवर वर यायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. हातापायांत कामाची ताकद साधारण दहा मिनिटंच राहते.

वाऱ्याचाही विचार करावा. २०२३ च्या २९ डिसेंबरला अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून अधिक लोक पलीकडे अडकले. सगळे सुखरूप निघाले. हंगामाच्या सुरुवातीला वारा काठाकडून आतल्या दिशेने जोरात वाहत असेल तर मोठ्या पाण्यावर जाऊच नये.

म्हणून पहिली खेप रिसॉर्टमधून करा. ही मंडळी रोज बर्फ मोजतात, त्यावरचं हिम सारून रस्ता करतात, भेगांवर फिरते पूल टाकतात आणि सुरुवातीला गिऱ्हाइकांना चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या बंद गाडीतून खोपटापर्यंत नेतात. दिवसाच्या भाड्यात तापवलेलं खोपटं आणि पाडलेली भोकं मिळतात. स्वतःची गाडी बर्फावर नेलीत तर हळू चालवा. गाडीच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, ती काठाशी आपटली की बर्फ फुटतो.

स्वतःचा तंबू लावणार असाल तर एक गोष्ट कधीही टाळू नका: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. प्रोपेनचा हीटर बंद तंबूत ऑक्सिजन खातो, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि या विषारी वायूला ना वास ना रंग. डोकं जड झालं, मळमळलं तर ते थकव्यावर ढकलू नये, बाहेर यावं. तंबूला वर एक आणि खाली एक अशी दोन छिद्रं उघडी ठेवायची. थंडी आत येते, येऊ दे.

कपड्यांत सुती काही नको, ते घाम धरून ठेवतं. बूट एक माप मोठे घ्या. दोन जोड मोजे कोंबून बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात.

भोक पाडायला ८ इंची ऑगर, म्हणजे बर्फात फिरवायचं गिरमिट, पुरतो. हल्ली बॅटरीच्या ड्रिलला जोडायचे ऑगर चालतात, पण ड्रिल ब्रशलेस, निदान १८ व्होल्टचं आणि बाजूच्या मुठीसकट हवं; पातं अडकलं की सगळा पीळ मनगटावर येतो. वरून दाबायचं नाही, पाती धारदार असतील तर ऑगर आपसूक उतरतो. बॅटऱ्या अंगाशी ठेवा, थंडीत त्या अर्ध्यावर येतात. आरपार गेल्यावर ऑगर फिरता ठेवूनच वर उपसायचा, म्हणजे चिखलबर्फ बाहेर येतो. उरलेला झाऱ्याने काढायचा. ऑगर लगेच झटकून ठेवा, पात्यांवर पाणी गोठलं की पुढचं भोक सुरूच होत नाही आणि लोक पाती बोथट झाली समजतात.

मिनेसोटात बर्फावर माणशी दोन गऱ्या चालतात, आणि त्या दोन्ही वापरायच्या. एक हलती, एक स्थिर. हलती मासा बोलावते, स्थिर बऱ्याचदा पकडते.

हलत्या गरीसाठी २८ ते ३० इंचांची, टोक चपळ आणि बुंधा भक्कम अशी काठी. दोरी ६ पौंडी मोनो, म्हणजे सहा पौंडांची ओढ सोसणारी एकाच तंतूची. विणलेली दोरी पाणी पिते आणि उघड्यावर गोठून तारेसारखी ताठ होते. तापलेल्या खोपट्यात मात्र ८-१० पौंडी विणलेली दोरी उत्तम, चावा जास्त स्पष्ट कळतो, पुढे दोनेक फूट फ्लुरोकार्बनचा पारदर्शक तंतू जोडायचा. आमिषापासून हातभर वर लहानसं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, हवंच. स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, खाली जाताना गरगरतो, दोरीला पीळ बसतो आणि तासाभरात ती रिळावरून गुंडाळ्या होऊन सुटते. उथळ पाण्यात एक अष्टमांश औंसाचा स्पून, तीस फुटांवर पाव औंसाचा. इथल्या मातकट पाण्यात सोनेरी रंग खूप चालतो, मग नारिंगी, गुलाबी आणि अंधारात चमकणारे. स्पूनच्या गळाला एमरल्ड शायनर या छोट्या माशाचं डोकं टोचायचं, कल्ल्यांच्या मागे चिमटीने तोडून. अख्खा मासा टोचला तर स्पूनचं डोलणं मरतं.

स्थिर गरीला मऊ टोकाची काठी, साधा जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, आणि जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा. गळ पाठीच्या पराखाली कातडीतून हलकाच काढायचा. कण्याला लागला तर मिनो निपचित पडतो. तळापासून अर्धा ते एक फूट वर ठेवायचा. दोन भोकांत तीन-चार फूट अंतर हवं, नाहीतर लागलेला मासा दोन्ही दोऱ्यांची वेणी घालतो.

डिसेंबरात सरोवरातल्या पाइन आयलंड बेटाच्या बाहेर १५ ते २२ फुटांवर मासा असतो, जानेवारी-फेब्रुवारीत खोल चिखलाच्या तळावर, तीसच्या आसपास.

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ते फ्लॅशरवर घाला. हा गोल तबकडीचा सोनार आहे: तळ जाड लाल पट्टा, आमिष बारीक रेघ, आणि मासा आला की तळालगत आधी हिरवी चमक. मासा भोकाच्या बरोबर खाली सरकला की ती नारिंगी, मग लाल होते. नवखे लोक गेन, म्हणजे सोनारची संवेदनशीलता, फार वाढवतात आणि सगळी तबकडी रंगवून टाकतात. आमिष जेमतेम दिसेल इतकाच गेन ठेवायचा.

मासा दिसत नसताना स्पून तळावर तीन-चारदा आपटा, चिखल उडू दे. मग दीड-दोन फूट झटक्याने वर, दोरी जराशी ताणलेली ठेवून खाली, आणि पाच-दहा सेकंद थांबा. हिरवी रेघ उमटली की झटके बंद. बहुतेकांचा मासा इथे जातो. हर्षाने काठी आणखी जोरात हलते आणि रेघ पुसली जाते. मनगटातून नुसती थरथर द्यायची आणि स्पून इंच-इंच वर घ्यायचा. वॉलआय वर बघून खातो, म्हणून आमिष त्याच्या खाली कधी सोडायचं नाही. तो मागोमाग चढतो आहे असं दिसलं की अर्धा फूट आणखी वर, मग पूर्ण स्तब्ध. मागे फिरला तर लगेच आणखी वर उचला, निसटू पाहणारं भक्ष्य तो बऱ्याचदा सोडत नाही. तरीही खाली गेला तर स्थिर गरीकडे लक्ष ठेवा, अनेकदा तोच मिनिटभरात तिथला मिनो उचलतो.

चावा म्हणजे ओढ असेलच असं नाही. बहुतेकदा काठीच्या टोकाला ओलं फडकं अडकल्यासारखं नुसतं वजन येतं, कधी दोरी अचानक सैल पडते. दोन्ही वेळा मनगटानेच वर घ्यायचं. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की दोरी सोडणारा ब्रेक, सैल असू दे. मासा दहा फुटांवर आला की फ्लॅशरची तार आधी भोकातून बाहेर काढा, तिच्यात गुंतून चांगला मासा सुटतो. दोरी बर्फाच्या कडेला घासू देऊ नका, काठीचं टोक भोकात बुडवून मासा मध्यावर आणा. डोकं भोकात शिरलं की न थांबता वर.

हेडलॅम्पच्या उजेडात आधी डोळा दिसतो, दुधी काचेच्या गोटीसारखा पेटलेला, मग सोनेरी-हिरवट बाजू. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर वॉलआय. पाठीच्या काटेरी परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतील तर तो सॉगर, त्याचा भाऊबंद. कल्ल्याचं झाकण धारदार असतं, तिथे बोट घालू नका.

या सरोवरात साडेएकोणीस ते २८ इंचांमधला वॉलआय परत सोडावा लागतो, कारण अंडी घालणाऱ्या माद्या त्याच मापाच्या. संख्येचे नियम बदलतात, निघण्याआधी डीएनआरची चालू पुस्तिका पाहा. बर्फावरून ओंटारियोची हद्द डोळ्यांना दिसत नाही. पलीकडे गेलात तर तिकडचा परवाना लागतो. तीस फुटांवरून ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो सोडला तरी बऱ्याचदा वाचत नाही. म्हणून ठेवायचे तेवढे मिळाले की खोल पाण्यात गरी टाकूच नये. सोडायचा मासा उणे तापमानात बर्फावर ठेवायचा नाही, डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठतात.

मासे सरोवरावर असेपर्यंत अखंड ठेवा, माप तपासता आलं पाहिजे. घरी नेताना प्रत्येक फिलेवर, म्हणजे कण्यापासून कापलेल्या मांसाच्या तुकड्यावर, इंचभर चौकोनी कातडं खवल्यांसकट ठेवावं लागतं, जात ओळखू यावी म्हणून. मांस पांढरं, घट्ट, काटे फार कमी. हळद-तिखट-मीठ आणि आमसुलाचं पाणी लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळला की उत्तम लागतो, पण आच मध्यम ठेवा. फिले पातळ असतो आणि जास्त शिजला तर कोरडा पडतो. गालांचे दोन गोल तुकडे टाकू नका, सगळ्यात गोड तेच. उरलेले मिनो मात्र सरोवरात सोडायचे नाहीत, बंद पिशवीतून कचऱ्यात, आणि बादलीतलं पाणी निघण्याआधी तिथेच बर्फावर ओतून द्यायचं.