आप्पांच्या खांद्याचं माप

आप्पा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ सदऱ्याची बटणं काढून उजवा खांदा दाखवला. खांदा कसला, दंडच. काखेच्या बाहेर, जिथं हाताचा गोळा सुरू होतो तिथं बशीएवढा काळानिळा डाग. "ही तुमची रायफल मला मारती बघा," म्हणाले. "डुकराला लागायचं ते ऱ्हायलं बाजूला."

रायफल माझी नव्हती, त्यांचीच होती. आपल्याकडं ज्याला तीनशे पंधरा बोअर म्हणतात ती. आयुध कारखान्यात तयार होते आणि आतून सगळी ली-एनफिल्ड, म्हणजे इंग्रजी फौजेची जुनी रायफल. इंग्रजांनी लष्करी ३०३ चं काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू दिलं नाही, म्हणून परवानाधारकांसाठी हे वेगळं काडतूस चाललं आणि आजही तेच चालतं. रायफल इमानी आहे. पण तिचा दस्ता एका मापाचा, आणि ते माप आप्पांचं नाही. आप्पा उंचीला पाच फूट दोन इंच, मान आखूड, छाती भरलेली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत मोजलं तर साडेतेरा इंचांच्या वर भरलं. एवढा लांब दस्ता खांद्याच्या खळगीत बसतच नाही, बाहेर दंडावर घसरतो. मग बार झाला की धक्का हाडामांसावर वेडावाकडा बसतो, आणि पुढच्या बाराला माणूस चाप ओढायच्या आधीच दचकतो.

मी सोलापुरात एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडं लाकूडकाम करतो. नळी, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा दांडा), चाप ही मालकांची आणि मिस्त्रींची कामं. माझ्याकडं फक्त लाकूड. अण्णा, म्हणजे माझे वडील, हेच करायचे. त्यांच्या काळी शिसवाचे दस्ते व्हायचे, दिसायला राजबिंडे पण वजनाला जड. मी अक्रोड वापरतो. हलकं असतं, धक्का सोसतं आणि पटाशीखाली सुरेख कापलं जातं. ठोकळा निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: मुठीपाशी, जिथं दस्ता सगळ्यात बारीक होतो, तिथं रेषा सरळ लांबीनं गेल्या पाहिजेत. तिथं रेषा आडवी आली की एक दिवस दस्ता तिथंच मोडणार. मागच्या बाजूला नक्षीदार जाळी असेल तर असू दे, नसेल तरी माझं काही अडत नाही.

लंडनच्या बंदुका करणाऱ्या जुन्या घराण्यांमध्ये गिऱ्हाइकाचं माप घ्यायला सांधे असलेली खोटी बंदूक असायची. दस्ता लांब-आखूड करायचा, वर-खाली करायचा, डावी-उजवीकडं वाकवायचा आणि मग आकडे लिहून घ्यायचे. जिम कॉर्बेटना चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली भेट मिळालेली रायफल अशाच एका घराण्याची, रिग्बीची. आमच्याकडं अण्णांनी केलेला एक लाकडी सांगाडा आहे. मागं खाचा आणि स्क्रू, गालाखाली सरकणारी फळी. त्याच्यावर मी आप्पांना उभं केलं. डोळे मिटा, खांद्याला लावा, आता डोळे उघडा. डोळे उघडल्यावर नजर माशीवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटावर, आपोआप आली पाहिजे, शोधावी लागता कामा नये. आप्पांची नजर दर वेळी डावीकडं पडायची. दस्ता जरासा उजवीकडं वळता करायला लागणार होता. शिवाय मोतीबिंदू काढल्यापासून मागची खाच, पुढची माशी आणि जनावर ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसेनात, म्हणून मालकांनी छोटी दुर्बीण बसवली. दुर्बीण आली की नजरेची रेषा वर जाते आणि गाल लाकडावरून सुटतो. म्हणून गालाची बाजू उंच करायची, पण बोल्ट मागं येतो त्याची वाट सोडून. नाहीतर तो लाकडावर अडतो.

या रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांत असतो, पुढचं लाकूड वेगळं आणि मागचं वेगळं. मागचं एका लांब स्क्रूनं आवळलेलं असतं. अण्णांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हे: आधी पुढचं लाकूड उतरव, मगच मागच्या स्क्रूला हात लाव. जुन्या ३०३ मध्ये स्क्रूचं टोक पुढच्या लाकडात गुंतलेलं असतं, तो तसाच फिरवला की लाकूड आतून फुटतं. गंमत म्हणजे त्या लष्करी रायफलीलासुद्धा मागचा दस्ता तीन-चार लांबींमध्ये मिळायचा, सैनिकाच्या हाताप्रमाणे. माप ही चैन नाही हे फौजेलाही ठाऊक होतं.

मे महिना होता. आप्पांच्या अंगात पातळ मलमलचा सदरा. माप निघालं पावणेतेरा. दोन्ही लाकडं मी नवी केली, बाहेरून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे हात दिले. रोज एक हात, तळव्यानं चोळून, वीस दिवस. आपण चटणी करतो तेच जवस. रेंजवर पन्नास मीटरला आप्पांनी पाच बार काढले आणि पाचही छिद्रं एका हाताच्या तळव्याखाली झाकली जातील अशी पडली. दंडावर डाग नाही. आप्पांनी मला जवळ घेतलं. मलाही वाटलं की काम झालं.

काम झालं नव्हतं. ते कळलं रानात.

आप्पांची जमीन मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला. पाणी आलं तसा ऊस आला आणि उसाबरोबर रानडुकरं आली. दिवसा उसात झोपायची, रात्री मक्यात आणि भुईमुगात शिरायची. एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग नांगरल्यासारखा उलटापालटा. कुणी शिकारीच्या हौसेनं हे वाचत असेल तर स्पष्ट सांगतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या देशात हौसेच्या शिकारीला जागा नाही, आणि ते योग्य आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मी दुर्बीण आणि कॅमेऱ्याशिवाय काही नेत नाही. तिथली काळवीटं लोकांच्या ज्वारीत उतरतात, तरी त्यांना हात लावायचा नाही. आप्पांनी नुकसानीचा पंचनामा केला, वनखात्याकडं अर्ज केला, लेखी परवानगी हातात आली, तेव्हाच मचाण बांधलं. मला त्यांनी बरोबर बोलावलं, कारण लाकूड माझं होतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. तीन दिवस परतीचा पाऊस. रायफल त्या दमट हवेत घरी खुंटीला होती. पहाटे उजाडताना मक्याच्या कडेला एक मोठा नर आला, चाळीस पावलांवर, आडवा. आप्पांनी अगदी शांतपणे बार काढला. जनावर किंचाळलं, गोल फिरलं आणि मागचा पाय ओढत उसात घुसलं.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

दुपारपर्यंत वनरक्षक, आप्पांचा मुलगा आणि दोन कुत्री असं सगळ्यांनी उसात शोधलं. चिखलात रक्ताचे थेंब, मग नुसते खुरांचे ठसे, मग तेही नाहीत. तिसऱ्या दिवशी घारी घिरट्या घालायला लागल्या तेव्हा सापडलं, शेजाऱ्याच्या फडात. पोटात मागच्या बाजूला गोळी. आप्पा म्हणाले, "माझा हात हालला आसंल." मला माहीत होतं की हात हालला नव्हता. मी शेजारी बसलो होतो.

रेंजवर परत गेलो. तीन बार, तिन्ही एकत्र, पण आधीच्या जागेपासून चार बोटं बाजूला. नळी आणि पुढच्या लाकडाच्या मधे कागदाची पट्टी सरकवून बघितली. मे महिन्यात ती टोकापासून मागपर्यंत सुळकन गेली होती, आता डाव्या बाजूला मध्येच अडकली. लाकूड फुगलं होतं आणि नळीला एका अंगानं रेटत होतं. बाहेरून वीस हात तेल दिलं, पण नळी जिच्यात बसते त्या आतल्या खाचेला, जी कुणाला दिसत नाही तिला, मी कोरडीच ठेवली होती. सोलापूरच्या मे महिन्यात लाकूड इतकं सुकलेलं असतं की दोष दिसतच नाही. पावसानं तो दाखवला, आणि त्याची किंमत त्या जनावरानं तीन दिवस भोगली. चूक माझी होती. मी आप्पांना तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता नीट करा म्हंजे झालं."

खाच मोकळी केली, दुमडलेला कागद जाईल इतकी. आत तेलाचे हात दिले, वाळवले, पुन्हा दिले. मग एक दिवसभर रायफल ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली आणि तशीच रेंजवर नेली. या वेळी गोळी हालली नाही. आता प्रत्येक रायफलीला मी ही गोणपाटाची परीक्षा देतो. गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा येतो, लाकडाची चमक थोडी जाते. जाऊ दे.

उन्हाचंही तसंच. काडतुसातल्या दारूचा दाब तापमानानं वाढतो. कॉर्डाइट नावाच्या जुन्या दारूचा तर फारच वाढायचा. म्हणून १९११ साली रिग्बीनं ४१६ चं काडतूस मुद्दाम ऐसपैस केलं, की उष्ण देशातसुद्धा दाब आटोक्यात राहावा. आजची दारू बरी आहे, पण सोलापुरात एप्रिलमध्ये मोटरसायकलच्या डिकीत काडतुसं ठेवून कुणी दुपारी बोल्ट घट्ट झाला म्हणून तक्रार करू नये. सावलीत ठेवा.

दुसऱ्यांदा गेलो ते डिसेंबरच्या अखेरीला. मालदांडी ज्वारी हुरड्यात आलेली, पहाटे अंगावर काटा येईल अशी थंडी. मचाणावर आप्पा घोंगडी पांघरून बसले होते, जाड काळी, मेंढीच्या लोकरीची. दोन डुकरं बांधाच्या कडेनं आली. आप्पांनी रायफल उचलली आणि ती अर्ध्यातच थांबली. दस्त्याच्या रबरी पट्टीची वरची कड घोंगडीच्या लोकरीत अडकली होती. त्यांनी झटका दिला, मचाण करकरलं, डुकरं पसार.

मी तिथंच मचाणावर घोंगडीसकट बोटांनी माप घेतलं. मलमलच्या सदऱ्यावर घेतलेलं पावणेतेरा इंचांचं माप घोंगडीवर अर्धा इंच जास्त होतं. शिवाय आखूड दस्ता सदऱ्यावर चालून जातो, पण लांब दस्ता घोंगडीवर मुळीच चालत नाही. दुकानात उभ्या माणसाचं माप आणि मचाणावर मांडी घालून, अंग आकसून बसलेल्या माणसाचं माप एक नसतं. मी लाकूड केलं होतं दुकानात उभ्या आप्पांसाठी.

दस्ता अर्धा इंच कापला. रबराची वरची कड गोल घासली आणि वरून पातळ गुळगुळीत चामडं चढवलं, लोकरीवरून घसरेल असं. कापलेला तुकडा पुडीत बांधून त्यावर आप्पांचं नाव आणि तारीख घातली. अण्णांची सवय. ते म्हणायचे, लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही, तेव्हा कापलेलं जपून ठेव.

तिसऱ्यांदा जानेवारीत गेलो. मचाण सात-आठ फूट उंच, त्यामुळं नेम खाली जमिनीकडं आणि मागं मातीचा बांध. आमच्याकडचा माळ सपाट आणि खडकाळ, गोळी दगडावर उडाली तर कुठं जाईल सांगता येत नाही. आडव्या नेमानं बार काढायचा नाही हे आप्पांचं स्वतःचं, परवान्याच्या आधीपासूनचं ठरलेलं. पहिलं डुक्कर आलं, त्याच्यामागं वाडीकडं जाणारी वाट होती. आप्पांनी रायफल उचललीसुद्धा नाही. अर्ध्या तासानं दुसरं आलं, बांधाला पाठ लावून थांबलं. या वेळी मी डुकराकडं बघतच नव्हतो. मी लाकडाकडं बघत होतो. घोंगडीतून दस्ता आवाज न करता वर गेला, खळगीत बसला, गाल खाली टेकला, मान जराही वाकली नाही. सगळं मिळून एक श्वास. बार झाला. डुक्कर जागेवर बसलं आणि आडवं झालं, पाय झाडले नाहीत.

आप्पांनी बोल्ट मागं घेतला, रिकामं काडतूस मुठीत धरलं आणि टोपी काढली. वनरक्षकांना फोन केला. पंचनामा झाला, त्यांच्या देखत खड्डा खणून पुरलं. परत येताना आप्पा एवढंच म्हणाले, "ह्याला कळलं बी न्हाई." कुणी कामाचं असं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

मागच्या निवडणुकीत रायफल नेहमीप्रमाणे ठाण्यात जमा झाली आणि परत आली ती मुठीपाशी खोल ओरखडा घेऊन. कुणीतरी ढिगात टाकली असावी. मला फार लागलं ते. लाकडावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली तर दबलेला खड्डा वर येतो, पण तुटलेली रेष येत नाही. ती राहिली आहे. आप्पांनी बुजवू दिली नाही.

आता आप्पा सत्तरीच्या पुढं गेलेत, परवाना मुलाच्या नावावर करायचे कागद चाललेत. मुलगा पाच फूट अकरा इंच, हात लांब. पुडीतला अर्धा इंच त्याला पुरणार नाही, पण त्याच ठोकळ्याचा उरलेला तुकडा मी फळीवर ठेवला आहे, रेषा जुळतील. पुढच्या रविवारी तो मापाला येतोय. येताना घोंगडी घेऊन ये म्हणून सांगितलंय.